नागपुरात फुलांची ऑर्डर देताय? फूल नंतर सांगा, वेळ आधी सांगा

आमच्या वरच्या मजल्यावर दर दोन-तीन वर्षांनी नवे भाडेकरू येतात. कुणी मिहानमधल्या कंपनीत, कुणी एम्समध्ये, कुणी बँकेच्या बदलीवर. महिन्याभरात कधीतरी जिन्यावरून हाक येतेच, "ताई, इथं चांगला फुलवाला कोण?" मी नाव सांगते, ते ऑर्डर देतात, आणि पुढच्या आठवड्यात तक्रार घेऊन येतात. बुके आला तो मान टाकूनच, हार लहान पडला, पोरगा पत्ता शोधत फिरत राहिला. नीट विचारलं की कळतं, दुकान वाईट नव्हतं, ऑर्डर अर्धी दिली होती. तेच तेच जिन्यात उभं राहून सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

सगळ्यात मोठी गोष्ट आधीच सांगते. फुलवाल्याकडे गेल्यावर आपण पहिल्यांदा फुलाचं नाव घेतो: गुलाब द्या, जरबेरा द्या. त्याला पहिल्यांदा हवी असते वेळ. फुलं त्याच्या हातातून किती वाजता निघणार, आणि तुमच्याकडे किती वाजेपर्यंत ताजी दिसली पाहिजेत? मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो त्या गावात या दोन वेळांमधलं अंतर हाच खरा प्रश्न असतो.

हे मला शिकवलं माझ्या भाचीच्या साखरपुड्यानं. मे महिना, वर्धा रोडवरचं लॉन. हारांची जबाबदारी माझ्याकडे. मी आमच्या नेहमीच्या काकांना सांगितलं, "सकाळी द्या." त्यांनी आठ वाजता दोन सुंदर हार हातात ठेवले. गुलाबाच्या पाकळ्या, मध्ये निशिगंध, खाली भरघोस गोंडा. मी ते गाडीच्या डिक्कीत ठेवले आणि पाहुण्यांच्या चहा-नाश्त्यात गुंतले. हार घालायची वेळ आली सव्वा एकला. डिक्की उघडली तर पाकळ्यांच्या कडा चहाच्या चोथ्यासारख्या झालेल्या, आणि वास फुलांचा कमी, उकडलेल्या पालेभाजीचा जास्त. फोटोत मुलगा-मुलगी छान हसतायत, हारांकडे बघवत नाही. दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "पण घालाचा किती वाजता होता, ते कुठी सांगतलं जी तुमी?"

आता एकेक पायरी घेऊ.

१. कुणाकडे जायचं ते आधी ठरवा

नागपुरात फुलं विकणारे चार प्रकारचे लोक आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. नवा माणूस चुकतो तो इथंच.

पहिला म्हणजे बर्डीचा फुलबाजार. सीताबर्डीला इथं कुणी पूर्ण नावानं हाक मारत नाही, बर्डीच म्हणायचं. तिथल्या नेताजी मार्केटमध्ये ठोक बाजार भरतो. इथं सुटी फुलं किलोनं आणि डच गुलाब-जरबेरा गड्डीनं मिळतात. पुण्याकडून आलेल्यांसाठी एक शब्द: आमच्याकडे ठोकच्या उलट चिल्लर. "चिल्लर भाव काय?" म्हणजे किरकोळीचा भाव काय, सुटे पैसे नव्हेत. घरी पूजा मोठी असेल, तोरणं स्वतः ओवायची असतील, तर बर्डीला पहाटे जा. दुचाकीनं जा, गाडी लावायला जागा शोधण्यात फुलांपेक्षा जास्त वेळ जाईल.

दुसरा, आपल्या चौकातला हारवाला. गोकुळपेठ असो, खामला असो की प्रतापनगर, प्रत्येक वस्तीत एखादी टपरी किंवा हातगाडी असतेच. रोजच्या पूजेची पुडी, गजरे, देवाचे हार, शाल-श्रीफळाबरोबरचा छोटा हार, हे याचं काम. रोजची पुडी याच्याकडे लावून टाका, दाराच्या कडीला पिशवी अडकवून जातो. आणि हाच माणूस अडीनडीला रात्री साडेनऊला हार करून देतो. त्याच्याशी ओळख ठेवण्याचा फायदा कुठल्याही ॲपमध्ये नाही, हे माझं ठाम मत आहे.

तिसरा बुकेवाला: धरमपेठ, सदर, रामदासपेठ या बाजूची काचेची दुकानं. वाढदिवस, सत्कार, दवाखान्यात भेटायला जाणं, यासाठी हा. चौथा डेकोरेशनवाला, जो स्टेज, मंडप आणि नवरदेवाची गाडी सजवतो. याच्याकडे एखादा बुके मागायला जाऊ नका, आणि चौकातल्या काकांना स्टेज सजवायला सांगू नका. दोघंही नाही म्हणणार नाहीत, आणि दोन्हीकडे तुमची फजिती होईल.

देवळात जाताना मात्र ऑर्डरची गरजच नाही. टेकडी गणपतीला दुर्वा-जास्वंदाचे हार बाहेरच मिळतात, आणि ताजबागला दर्ग्यावर चढवायची फुलांची चादर तिथल्याच दुकानदारांना नीट कळते. घरून नेऊन त्यांना माप समजावण्यात अर्थ नाही.

२. किती आधी सांगायचं

साधा बुके किंवा चार-पाच हार असतील तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत. त्यामागचं कारण सरळ आहे: दुकानदार पहाटे बाजारातून माल उचलतो. तुमची ऑर्डर त्याच्या डोक्यात रात्री असेल तर पहाटे तो तुमच्यासाठी फूल निवडून घेतो. सकाळी दहाला सांगितलं तर दुकानात जे उरलंय त्यातूनच करून देतो.

डच गुलाब, कार्नेशन, जरबेरा ही मंडळी बहुतेक पुणे-बेंगळुरूकडून प्रवास करून येतात. एखादा विशिष्ट रंगच हवा असेल, समजा पीच गुलाब किंवा फक्त पांढरा जरबेरा, तर तीन-चार दिवस आधी सांगा. लग्नाचे हार आणि सजावट असेल तर तारीख ठरल्याबरोबर. मुहूर्त सगळ्यांना तेच मिळतात, त्यामुळे एकाच दिवशी अर्ध्या नागपुरात लग्नं असतात, आणि ओवणारे हात तेवढेच.

बोलायला कधी जायचं? सकाळी सात ते दहा काका मान वर करत नाहीत. दुपारी एक ते चार दुकान सुस्त असतं, तेव्हा जा. उन्हाचा त्रास होईल, पण चहा मिळेल आणि माणूस नीट ऐकेल.

३. ऑर्डर कशी सांगायची

इथं थोडं थांबते, कारण नव्वद टक्के घोळ इथंच होतो.

फुलवाल्याला पाच गोष्टी हव्यात: प्रसंग, वेळ, माप, रंग, आणि खर्चाचा आकडा. फुलाचं नाव सहाव्या नंबरवर. प्रसंग कळला की त्याला अर्धं आपोआप समजतं. सत्काराचा हार गळ्यात दोन मिनिटं राहतो, लगेच काढून टेबलावर ठेवतात, तो हलका असला तरी चालतो. लग्नाचा हार तास-दीड तास गळ्यात असतो, फोटो निघतात, मिठ्या मारल्या जातात. त्याला दोरा मजबूत हवा आणि मानेमागे टोचेल असं काही नको. मानेकडच्या चार-पाच इंचांत फक्त मऊ फूल किंवा नुसती रिबीन लावायला सांगा. जरीच्या दोऱ्यानं मान सोलून निघालेले नवरदेव मी पाहिलेत.

माप "मोठा", "मध्यम" असं सांगू नका. "गुडघ्यापर्यंत", "कमरेपर्यंत" असं सांगा, आणि घालणाऱ्याची उंचीही सांगा. साडेपाच फुटांच्या माणसाच्या कमरेपर्यंतचा हार सहा फूट उंचीच्या जावयाच्या पोटावरच थांबतो. फोटोला घालायचा हार असेल तर चौकटीची लांबी-रुंदी इंचांत द्या.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायला हरकत नाही, सगळेच पाठवतात. पण इंटरनेटवरच्या त्या फोटोतली फुलं दुसऱ्याच हवामानातली असतात. फोटोबरोबर लिहा, "रंग असे हवेत, फूल तुम्ही ठरवा." एवढ्या एका वाक्यानं काका खूश होतात, कारण तुम्ही त्यांच्या हातावर विश्वास टाकलात. उन्हाळ्यात ते स्वतःच नाजूक फूल टाळतात आणि ऑर्किड किंवा अँथुरियमसारखं टिकाऊ काहीतरी सुचवतात. ऐका त्यांचं.

मी हल्ली जो निरोप पाठवते तो असा असतो:

"नमस्कार काका. येत्या शनिवारी साखरपुडा, लॉनवर. हार दोन, कमरेखाली एक वीत, पांढरा आणि लाल. मुलगा उंच आहे, पावणेसहा फूट. हार घालणार दुपारी १ वाजता. लॉनवर १२ ते सव्वाबारामध्ये पोचवा, त्याआधी नको. गजरे १५, कळ्यांचे. फुलं ओल्या कापडात द्या. एकूण किती होतील ते सांगा, निम्मे आज पाठवते."

यात एक शब्द मुद्दाम आहे: "त्याआधी नको". नागपुरात उशीर होईल या भीतीनं माणसं लवकर माल आणून टाकतात. उन्हाळ्यात लवकर येणं उशिरा येण्याइतकंच वाईट.

"कळ्यांचे" हाही मुद्दाम. मोगऱ्याच्या कळ्या सकाळी खुडतात आणि त्या संध्याकाळी उमलतात. दुपारी उमललेला गजरा घेतला तर रात्रीच्या रिसेप्शनला तो तपकिरी झालेला असतो. घट्ट, हिरवट-पांढऱ्या कळ्यांचा घेतलात तर आठ वाजता बायकांच्या केसांत तो उमलत असतो. नागपूरच्या उन्हाळ्यानं आमच्यासाठी एक चांगली गोष्ट केली असेल तर ती म्हणजे मोगरा.

४. पैशाचं

सुटी फुलं किलोवर किंवा पावशेरावर, हार आणि गजरे नगावर, निशिगंधाचे दांडे डझनावर, डच गुलाब साधारण वीसच्या गड्डीवर, जरबेरा दहाच्या. भाव रोज बदलतो, गेल्या महिन्यातला भाव सांगून वाद घालू नका. फार तर "आज बाजार कसा आहे?" विचारा, तो स्वतःहून सांगतो.

घासाघीस करा, पण हाराच्या मजुरीत नको. फूल कमी लावून तो तुमच्या पैशात बसवून देईलच, आणि ते तुम्हाला हार गळ्यात पडल्यावर कळेल. त्यापेक्षा आकडा सांगून विचारा, "एवढ्यात काय छान होईल?" ॲडव्हान्स निम्मा द्या आणि व्हॉट्सॲपवर "मिळाले" एवढं लिहून घ्या.

तोरण स्वतः करणाऱ्यांसाठी एक हिशेब. मध्यम झेंडूची किलोत साधारण दीडशे ते दोनशे फुलं बसतात. साडेतीन फुटांचं दार, दोन्ही बाजूंना सहा-सहा फुटांच्या लडी, म्हणजे साडेपंधरा फूट झालं. फुटाला दहा फुलं धरली, मध्ये आंब्याची पानं घातली, तर एका दाराला किलोभर झेंडू पुरतो. बाजारात "तीन किलो तरी लागतील" असं कुणी म्हणालं तर हसून एक किलो घ्या.

५. पत्ता

नागपूरचा पत्ता ही वेगळीच भानगड आहे. इथं कॉलनी कमी, लेआउट जास्त. प्रत्येक लेआउटचे प्लॉट नंबर आपापले, त्यामुळे एकाच रस्त्यावर हाकेच्या अंतरावर दोन "प्लॉट नंबर १४" सापडू शकतात. नुसता प्लॉट नंबर देऊ नका. लेआउटचं नाव, जवळचं देऊळ किंवा पाण्याची टाकी, घराच्या गेटचा रंग, आणि जो माणूस खरोखर फोन उचलेल त्याचा नंबर. लग्नघरात नवरीच्या बापाचा नंबर देणं म्हणजे फोन न उचलण्याची खात्री करणं.

लॉनवर पोचवायचं असेल तर लॉनचं नाव पूर्ण सांगा, आणि कुणाच्या हातात द्यायचं तेही. आमच्या ओळखीच्या एका घरचे हार शेजारच्या लॉनमध्ये गेले होते आणि तिथल्या नवरा-नवरीनं ते घातलेही.

६. हातात आल्यावर बघा

पोरगा घाईत असतो, तरी दोन मिनिटं थांबवा. गुलाबाच्या कळीला देठाजवळ, पाकळ्यांच्या बुडाशी दोन बोटांनी हलकं दाबा. घट्ट लागली तर ताजी, मऊ गादीसारखी लागली तर दोन-तीन दिवसांची. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या काळपट असतील तर घाबरू नका, त्या आतल्या फुलाला जपण्यासाठी ठेवलेल्या असतात, हळूच काढून टाका. निशिगंधाचा दांडा उलटा धरून झटका द्या, कळ्या टपटप गळल्या तर परत द्या. झेंडू वरून छान दिसतो, म्हणून उलटा करून हिरव्या बुडाकडे बघा. तिथं पाणचट, तपकिरी असेल तर आतून सडायला लागलाय. पावसाळ्यात हे जास्त, आणि वजन वाढावं म्हणून भरपूर पाणी मारलेल्या झेंडूतही. जरबेराची मान वाकलेली नको.

हार उचलून बघा, नुसता बघू नका. मध्ये कुठं हलका लागला तर तिथं ओवण विरळ आहे.

७. वेळेपर्यंत जपणं

हार आणि गजरे ओल्या मलमलच्या कापडात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या भागात. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, पाकळ्या काचेसारख्या होतात आणि बाहेर काढल्यावर काळ्या पडतात. फ्रीज नसेल तर कूलर चालू असलेल्या खोलीच्या कोपऱ्यात, पण थेट वाऱ्याच्या झोतात नको. गाडीत ठेवायचंच असेल तर पायाशी ठेवा, एसीच्या जवळ. डिक्कीत नाही, हे मी तुम्हाला का सांगतेय ते वर आलंच आहे.

पूजेच्या पिशवीत फुलं आणि केळी एकत्र टाकायची आपली सवय आहे. पिकत्या केळ्यातून जो वायू निघतो त्यानं फुलं लवकर कोमेजतात, कार्नेशन तर विशेष. दोन पिशव्या करा.

बुके असेल तर घरी आल्यावर प्लॅस्टिक काढा, देठ तिरके कापा, पाण्यात बुडणारी पानं तोडा, पाणी रोज बदला. जरबेराला थोडंच पाणी, त्याचा देठ लवकर सडतो.

८. सणांचे दिवस

भाद्रपदात विदर्भात महालक्ष्म्या असतात. इतरत्र ज्यांना गौरी म्हणतात त्याच, पण आमच्याकडे थाट मोठा. तुमच्या घरमालकांकडे असतील तर हाराचं काम तुमच्यावर येण्याची शक्यता आहे. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघींचे हार अगदी एका मापाचे हवेत, एकीचा दोन बोटं कमी पडला तर आजेसासूबाई पुढची दहा वर्षं आठवण काढतील. सोबत त्यांच्या बाळांसाठी दोन छोटे हार. माप मुखवट्यापासून खाली साडीच्या निऱ्यांच्या सुरुवातीपर्यंत घ्या आणि दोऱ्यानं मोजून तो दोराच फुलवाल्याला नेऊन द्या. केवडा हवा असेल तर आधीच सांगून ठेवा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत मारबतींची, म्हणजे मोठमोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक असते. त्या भागात त्या दिवशी काही पोचवायचं ठरवू नका. दसऱ्याला तर झेंडू आणि आपटा दोन्हीची झुंबड, आणि त्याच सुमारास दीक्षाभूमीवर देशभरातून लाखो माणसं येतात. १९५६ साली १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी तिथं धम्मदीक्षा घेतली. लक्ष्मीनगर, बजाजनगर, अभ्यंकरनगर या बाजूला तेव्हा वाहतूक वळवलेली असते. फुलं आदल्या रात्रीच घरी आणून ठेवा. १४ एप्रिलला संविधान चौकात हार घेऊन जायचं असेल तर तेही आदल्या दिवशी सांगून ठेवा, त्या सकाळी शहरातला प्रत्येक हारवाला हारांतच बुडालेला असतो.

९. दुःखाच्या वेळी

याबद्दल लोक विचारत नाहीत, वेळ आल्यावर गोंधळतात. घरात कुणी गेलं असेल तर चौकातल्या हारवाल्याला सरळ सांगा की कुणाकडे गमी झाली आहे. आडपडदा नको. तो हातातलं काम बाजूला ठेवून दहा मिनिटांत हार आणि सुटी फुलं बांधून देतो, मोक्षधामला जायचंय की अंबाझरी घाटावर एवढंच विचारतो. या वेळी भाव विचारत नाहीत, आणि चांगला हारवाला जास्त घेतही नाही. भेटायला जाताना बुके नेऊ नका, पांढऱ्या फुलांचा साधा हार न्या, फोटोला घालता येतो.

१०. शेवटचं काम

कार्य उरकल्यावर हार देवघराच्या कोपऱ्यात आठवडाभर वाळत ठेवू नका. निर्माल्य वेगळ्या पिशवीत, दोरा, जर आणि बुकेतला हिरवा स्पंज काढून. तो स्पंज मातीत कुजत नाही.

आणि मोठ्या ऑर्डरबरोबर आलेली वेताची टोपली किंवा बादली परत करा. काका स्वतःहून मागत नाहीत. आमच्याकडे त्यांची एक निळी बादली दिवाळीपासून होती, त्यात मी ओले कपडे ठेवत असे. मार्चमध्ये गजऱ्यांची ऑर्डर द्यायला गेले तेव्हा त्यांनी सगळं वहीत लिहून घेतलं, पैसे घेतले, आणि मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "आणि ताई, ते बादली."